रॉडची कॉर्कची मूठ: आधी धुवा, मग भरा, पॉलिशपेपर सगळ्यात शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे: बरीच वर्षे वापरलेल्या, मासे गरवायच्या ७ फुटी स्पिनिंग रॉडची कॉर्कची मूठ काळपट आणि चिकट झाली आहे. जागोजागी बारीक खड्डे पडलेत, रीलसीटच्या, म्हणजे रील बसवायच्या जागेच्या, मागच्या एका चकतीचा टवका उडाला आहे, आणि पावसाळ्यात कव्हरसकट कपाटात राहिल्याने पांढरट-हिरवी बुरशीही धरली आहे. ओळखीतल्या कुणीतरी १२० नंबरचा पॉलिशपेपर घेऊन सगळी मूठ घासून काढायचा सल्ला दिला आहे. तसे करावे का?

तसे करू नका. काळी पडलेली मूठ बहुतेक वेळा नुसती मळलेली असते, आणि मळ साबण-पाण्याने निघतो. खड्डे भरता येतात. घासून काढलेले कॉर्क मात्र परत येत नाही. शिवाय १२० नंबरच्या पेपरने आणखी एक नुकसान होते. कॉर्क मऊ असते, त्यातला कारखान्यात भरलेला भराव आणि चकत्यांच्या सांध्यातला गोंद कडक असतो. जाड पेपर मऊ भाग झपाट्याने खातो, कडक भाग तसाच ठेवतो. शेवटी मुठीवर उंचवटे आणि वळ्या तयार होतात, त्या काढायला अजून घासावे लागते, आणि बघता बघता मूठ दोन मिलिमीटरने बारीक होते. हाताला ते लगेच कळते.

मूठ बनते कशी हे एकदा समजले की पुढचे सगळे सोपे जाते. ती सलग तुकड्यातून कोरलेली नसते. साधारण अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर जाडीच्या चकत्या मधोमध भोक पाडून एकीला एक चिकटवतात आणि मग लेथवर आकार देतात. २० सेंटिमीटरच्या मुठीत अशा सोळाएक चकत्या बसतात. कॉर्क ही कॉर्क-ओक या झाडाची साल. जगातले निम्मे कॉर्क एकट्या पोर्तुगालमधून येते, त्याखालोखाल स्पेनमधून. झाड साधारण २५ वर्षांचे झाल्यावर पहिली साल काढतात, पुढची काढणी ९ वर्षांनी, आणि उत्तम प्रतीचे कॉर्क तिसऱ्या काढणीपासून मिळायला लागते. त्यातला चांगला माल आधी वाइनच्या बुचांकडे जातो. म्हणून मध्यम किमतीच्या रॉडवर येणाऱ्या चकत्यांमध्ये तपकिरी छिद्रे जास्त असतात. झाडाच्या श्वसनाचे हे मार्ग साल कापल्यावर खळग्यांसारखे उघडे पडतात. कारखान्यात त्यात कॉर्कचा भुसा आणि गोंद भरून पृष्ठभाग गुळगुळीत करतात. घाम, पाणी आणि मिठाने हा भराव हळूहळू सुटतो. म्हणजे ‘कॉर्क सडले’ असे आपण म्हणतो तेव्हा कॉर्क बहुधा ठणठणीत असते, त्यातली पुट्टी गेलेली असते.

सुरुवात करण्याआधी मुठीच्या टोकाकडून एकदा नीट पाहा. काही स्वस्त रॉडवर आत फोम किंवा भुश्याचा गाभा असतो आणि वर एक-दीड मिलिमीटर कॉर्कची पातळ पट्टी गुंडाळलेली असते. अशा मुठीवर दर अर्ध्या इंचाला चकतीची रेघ दिसत नाही, उलट एक तिरपी किंवा लांबट सांध्याची रेघ दिसते. ती फक्त धुवायची, पेपर अजिबात लावायचा नाही. टोकाशी काळे-तपकिरी ठिपके असलेला कडक भाग असेल तर तो रबर मिसळलेल्या कॉर्कचा. तो झिजत नाही, त्याला धुण्यापलीकडे काही लागत नाही. काळ्या ईव्हीए फोमच्या मुठीला यातले धुणे तेवढे लागू पडते.

आता धुणे. मुठीच्या वरच्या टोकाची वाइंडिंग चेक, म्हणजे ती बारीक धातूची किंवा रबराची कडी, तिच्यापुढचा चार बोटे ब्लँक, म्हणजे रॉडची मूळ काठी, आणि रीलसीट यांना मास्किंग टेपचे दोन वेढे द्या. रील काढून ठेवा. १ लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा अर्धा चमचा पुरे. हाताला सोसवेल इतकेच पाणी गरम हवे. मूठ बादलीत बुडवायची नाही. पाणी चकतीच्या भोकातून ब्लँकपर्यंत गेले की आतून वाळायला फार वेळ लागतो आणि जुना गोंद सुटतो. दात घासायचा मऊ ब्रश त्या पाण्यात बुडवून, झटकून, गोल गोल फिरवत एका वेळी दोन-तीन चकत्या घासा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसा. फडके तपकिरी होईल. स्वच्छ पाण्यात पिळून पुन्हा पुसा. फडके कोरे निघेपर्यंत हे करायचे. बहुतेकांचे काम इथेच संपते.

तरी काळसरपणा राहिलाच, विशेषतः अंगठा आणि तळहात टेकतो तिथे, तर तो त्वचेच्या तेलाचा आणि सनस्क्रीनचा थर असतो. तीन चमचे खायच्या सोड्यात एक चमचा पाणी घालून लगदा करा, बोटाने किंवा जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने मिनिटभर हलक्या हाताने चोळा आणि धुऊन टाका. सोडा खळग्यात अडकून वाळला तर पांढरे ठिपके राहतात, म्हणून दोनदा पुसायचे. मेलामाइनचा पांढरा स्पंजही छान काम करतो, पण तो मुळात अतिशय बारीक पेपरच असतो हे लक्षात ठेवून ओला करून, दाब न देता फिरवा. चकतीची कड भुगाभुगा होत असेल तिथे तो नेऊ नका.

बुरशीसाठी मेडिकलमध्ये मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. आपल्याकडे ते सहसा ६ टक्क्यांचे असते. त्यात तेवढेच पाणी घातले की ३ टक्क्यांचे होते. कापसाने लावायचे, दहा मिनिटे थांबायचे, पुसायचे. कपडे पांढरे करायचे क्लोरीनचे ब्लीच मात्र वापरू नका. डाग जातात, पण कॉर्क ठिसूळ होते आणि रीलसीटच्या धातूच्या कड्या गंजायला लागतात. थिनर, ॲसिटोन, पेट्रोलही नको, कारण ते भराव आणि सांध्यातला गोंद दोन्ही मऊ करतात. कुणी नेलपॉलिश रिमूव्हर सुचवेल. ते बहुधा ॲसिटोनच असते.

एक डाग मात्र साबणाने, सोड्याने, कशानेच हलत नाही: निळसर-काळा, बहुतेक ठिपक्यासारखा. कॉर्कमध्ये टॅनिन असते. त्यात गंजलेल्या गळाचे टोक खुपसून ठेवले की लोखंड आणि टॅनिन मिळून हा रंग धरतो. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड हाच उपाय. हार्डवेअरच्या किंवा केमिकलच्या दुकानात ते पावडरच्या रूपात मिळते. काचेच्या भांड्यात १०० मिलि कोमट पाण्यात ५ ग्रॅम विरघळवा. इअरबडने फक्त डागावर लावा, दहा मिनिटांनी पुसा, मग सोड्याच्या पाण्याने आणि शेवटी साध्या पाण्याने पुसा. हे विषारी आहे. हातमोजे घाला, डोळ्यांजवळ नेऊ नका, मुलांच्या हाती लागेल असे ठेवू नका, आणि स्वयंपाकाचे भांडे वापरू नका. धातूच्या वाइंडिंग चेकला ते लागू देऊ नका.

धुतल्यावर रॉड आडवा टांगून सावलीत, पंख्याखाली २४ तास वाळवा. कोकणात जून ते सप्टेंबरमध्ये ४८ तास धरा. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर लावू नका. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि सांध्यांना तडे जातात. ओल्या कॉर्कवर पुट्टी भरली तर ती कडेने सुटते. ही घाई सगळ्यात जास्त नडते.

वाळल्यावर मूठ पुन्हा तपासा, कारण आता खरे खड्डे दिसतात. रॉडहोल्डरच्या किंवा रबरबँडच्या दाबाने पडलेले चपटे खळगे वेगळे आणि टवका उडालेला खड्डा वेगळा. चपटलेल्या जागी कॉर्कच्या पेशी फक्त दबलेल्या असतात. कढत पाण्यात पिळलेले फडके पाच मिनिटे त्यावर धरा. असे दोन-तीनदा केले की खळगा बराचसा वर येतो. तिथे पुट्टी भरली तर मागाहून फुगून बाहेर येईल.

पुट्टीचा भुसा मुठीवरूनच मिळवायचा मोह होतो. ती धूळ मळकी असते, भराव काळा दिसतो. त्यापेक्षा वाइनचे अख्ख्या नैसर्गिक कॉर्कचे बूच घ्या. दाणे चिकटवून केलेले बूच चालत नाही. त्यात गोंद जास्त असतो. काही बुचांच्या दोन टोकांना खऱ्या कॉर्कच्या चकत्या आणि मध्ये दाण्यांचा गठ्ठा असतो, तेव्हा कापून बघा. बूच २२० नंबरच्या पेपरवर घासून भुसा गोळा करा आणि मलमलीच्या फडक्यातून चाळा. त्यातला जाडसर भुसा मोठ्या खड्ड्यांसाठी वेगळा ठेवा.

गोंद पाण्याला टिकणारा हवा. लाकूडकामाचा साधा पांढरा गोंद ओलाव्यात पुन्हा मऊ होतो, म्हणून फेविकॉल मरीनसारखा पाण्यात न सुटणारा प्रकार घ्या. मापाने तीन भाग भुसा, एक भाग गोंद. आधी गोंद, मग थोडा थोडा भुसा, आणि मिश्रण पुरणाइतके घट्ट होईपर्यंत मळा. पातळ झाले तर वाळताना आकसून मधोमध खोलगट होते, आणि गोंद जास्त झाला की भराव गडद व कडक बनतो. गोंद लागल्यावर भुश्याचा रंग एक छटा गडद होतोच. मूठ फारच फिकट असेल तर बाजारात मिळणारी मेपल किंवा पाइन रंगाची वुड पुट्टी एक भाग मिसळा. आधी बुचाच्याच तुकड्यावर ठिपका लावून वाळवून रंग पाहावा. इपॉक्सीत भुसा कालवू नका. तो भराव दगडासारखा होतो, तपकिरी दिसतो, आणि आजूबाजूचे कॉर्क झिजले की त्याचा खडा हाताला टोचत राहतो.

भरायच्या आधी खड्ड्यातला सुटा जुना भराव दाताच्या काडीने किंवा सुईने खरवडून काढा. जो घट्ट बसला आहे त्याला हात लावू नका. मग खड्डा ब्रशने झाडून, पातळ गोंदाचे एक बोट आत फिरवा. या पहिल्या हातामुळे भराव धरून राहतो. प्लॅस्टिकच्या जुन्या कार्डाने पुट्टी दाबून भरा आणि अर्धा मिलिमीटर उंच सोडा. ३ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा एका दमात भरू नका. निम्मा भरा, एक रात्र वाळू द्या, मग उरलेला. सगळ्या मुठीवर पुट्टीचा लेप फिरवायची सवय काहींना असते. ती सोडलेली बरी. तो लेप खळग्यांमध्ये थोडाच जातो, बाकीचा घासून काढताना कॉर्कही जाते.

टवका उडालेल्या चकतीला पुट्टीपेक्षा ठिगळ चांगले. सुमारे ८-१० मिलिमीटरपेक्षा मोठा तुकडा गेला असेल तर त्या जागी नव्या ब्लेडने सरळ कडांची खाच करा, बुचातून तिच्यापेक्षा किंचित मोठा तुकडा कापा, दाबून बसवून पाहा. कॉर्क दबते, त्यामुळे किंचित मोठा तुकडा सांधा घट्ट करतो. छिद्रांच्या रेघा आजूबाजूच्या चकतीशी जुळतील अशा धरल्या तर ठिगळ शोधावे लागते. मरीन गोंद लावा, वरून पॉलिथीनचा तुकडा, आणि त्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा. दुसऱ्या दिवशी सोडा. वर आलेला भाग ब्लेडने पातळ पातळ तासायचा, एकाच कापात नाही, कारण ब्लेड कॉर्कच्या रेषेने खोल उतरते.

अख्खी चकती गेली असेल तर रीलसीट न उपटताही ती बदलता येते. जुनी चकती ब्लेडने तुकडे करून काढा. ब्लँकजवळचे शेवटचे दोन मिलिमीटर ब्लेडने नाही, तर बांबूच्या चपट्या काडीने खरवडा. कार्बनच्या ब्लँकवर ब्लेडची एक चीर पडली की तिथेच ताण एकवटतो, आणि रॉड कधीतरी भरल्या वजनाखाली तिथूनच मोडतो. उरलेला गोंद कोमट पाण्याच्या फडक्याने थोडा मऊ होतो. नाहीच निघाला तर पातळ थर राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. नव्या चकतीचे भोक गोल कानशीने ब्लँकच्या मापाचे करा. बहुतेक चकत्या पाव इंची भोकाच्या येतात, आणि मागच्या मुठीत ब्लँक त्यापेक्षा जाड असतो. मग चकती अगदी पातळ ब्लेडने मधोमध दोन भागांत कापा. जाड करवतीने मधले कॉर्क जाते आणि गोलाई बिघडते. दोन नळ्यांचे सावकाश सुकणारे इपॉक्सी समान मापाने कालवून दोन्ही अर्ध्यांना, ब्लँकला आणि शेजारच्या चकत्यांच्या बाजूंना लावा. पाच मिनिटांचे इपॉक्सी इथे नको, कारण अर्धे जुळवेपर्यंत ते धरायला लागते. सांध्याची रेघ अंगठ्याखाली येणार नाही, बाजूला जाईल अशी बसवा, ट्यूबची पट्टी गुंडाळा, २४ तास हलवू नका. मग जादा कॉर्क २२० नंबरने शेजारच्या चकत्यांच्या पातळीला आणा. जाड पेपराची ही एकच हक्काची जागा, आणि तिथेही शेजारच्या चकत्यांवर टेप हवीच.

मूठ पिळून पाहिल्यावर करकर वाजत असेल किंवा नखाने टिचकी मारल्यावर एका जागी पोकळ आवाज येत असेल, तर आतला गोंद सुटला आहे. २ मिलिमीटरचे ड्रिल हाताने फिरवत एक भोक करा. ड्रिलला टोकापासून ठरलेल्या खोलीवर आधीच टेप लावून ठेवा. २६ मिलिमीटर जाड मुठीत ब्लँक १० मिलिमीटरचा असेल तर कॉर्कची जाडी ८ मिलिमीटर असते, तेव्हा टेप ७ वर लावा आणि उरलेले काडीने टोचा. इंजेक्शनच्या सिरिंजने पातळ इपॉक्सी आत भरा, मूठ फिरवत राहा म्हणजे सगळीकडे पसरेल. भोक बुचाच्या बारीक तुकड्याने बुजवा.

आता पेपर. पुट्टी २४ तास वाळली की ३२० ने सुरू करा, ४०० ने संपवा. ६०० हवासा वाटेल, पण त्याने मूठ इतकी गुळगुळीत होते की ओल्या हातातून निसटते. २ सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर लांब पट्टी कापा, मागे मास्किंग टेप चिकटवा म्हणजे फाटणार नाही, आणि बूट पुसतात तशी मुठीवर पुढेमागे ओढा. दहा ओढी झाल्या की रॉड पाव फेरी फिरवा, नाहीतर मूठ लंबगोल होते. दाब फक्त पट्टीच्या वजनाचा. व्हर्नियर असेल तर आधी तीन ठिकाणी व्यास मोजून ठेवा. एका दुरुस्तीत तो अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त घटू देऊ नये. कोरडेच घासा, कारण ओल्या पेपराने धूळ चिखल होऊन छिद्रांत बसते. धूळ ब्रशने झाडून मग ओलसर फडक्याने पुसा.

सील करावे की नाही यावर रॉड बांधणाऱ्यांत मतभेद आहेत. सील न केलेले कॉर्क हाताला जास्त ऊबदार लागते आणि ओल्यातही पकड देते, हे खरे. पण तुमच्या मुठीत आता नवा भराव आहे, आणि समुद्रावर, खाडीत तांबोशी-जिताड्यामागे जाणारा रॉड असेल तर मीठ त्या भरावात ओल धरून ठेवणारच. अशा मुठीला मी सील करायलाच सांगेन. यू-४० कॉर्क सील हे खास याचसाठी बनलेले द्रव्य. रॉड बांधायचे सामान विकणारे मागवून देतात. फडक्याने अगदी पातळ हात, मध्ये २४ तास, असे दोन हात पुरतात. ट्रू-ऑइल हे लाकडाला लावायचे तेलही चालते, पण रंग मधासारखा गडद होतो. लावल्यावर पाच मिनिटांत जादा तेल पुसून काढलेच पाहिजे. जवसाचे तेल टाळा, ते आपल्या दमट हवेत आठवडे चिकट राहते आणि त्यावर बुरशी पोसते. जवसाच्या किंवा ट्रू-ऑइलच्या तेलाने भिजलेले फडके चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. पाण्यात भिजवून, पसरून वाळवा. चकचकीत लाकडी व्हार्निश किंवा जाड पॉलियुरेथेन नको. कॉर्क दबते, ते थर दबत नाहीत, म्हणून तडकतात आणि पोपडे निघतात. कारखान्यातूनच असा थर लावून येणाऱ्या रॉडच्या मुठीवरचे पोपडे ४०० ने काढून पुढे यू-४० लावा.

गरवून आल्यावर मूठ ओल्या फडक्याने पुसणे हा एक मिनिटाचा उद्योग आहे, आणि वर लिहिलेले निम्मे काम त्यानेच टळते. मीठ हवेतली ओल ओढते, त्यामुळे खाऱ्या पाण्याचा रॉड न पुसता ठेवला की मूठ आठवडाभर दमटच राहते. सनस्क्रीन किंवा डास पळवणारे डीटचे क्रीम लावल्यावर हात धुऊनच रॉड धरा. डीट तर ब्लँकचे फिनिशही मऊ करते. गळ मुठीत खुपसू नका. त्यासाठी ब्लँकवर हूक-कीपरची छोटी कडी असते, नसेल तर लावून घेता येते. पावसाळ्यात रॉड कव्हरमधून बाहेर काढून भिंतीला टांगा.

शेवटी एक अपवाद. रॉड कार्बनचा नसून चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या जोडून केलेला जुना असेल, हार्डीसारख्या इंग्रजी बनावटीचा, तर पेपर, पेरॉक्साइड, सोडा यांपैकी काहीच वापरू नका. त्याच्या मुठीची जुनी झळाळी हीच तिची किंमत असते, आणि बांबूवरचे जुने व्हार्निश पाण्याने पांढरे पडू शकते, स्पिरिटने विरघळू शकते. तिथे पिळून जवळजवळ कोरडे केलेले फडके, साबणाचा एक थेंब, आणि लगेच सुके फडके. खड्डा असला तरी राहू द्यावा. चकती हलत असेल तर असे रॉड दुरुस्त करणाऱ्याकडेच द्यावा.